एका युद्धनौकेची साक्ष



या व्याख्यानमालेच्या चालकांनी इतिहासावर बोलण्यासाठी आम्हांला पाचारण केले, तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण रात्रशाळेत सुरू झाले आणि पुढे युनियनच्या कचेरीत, एक वाटाघाट संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या फावल्या वेळात, जमेल तसे चालू राहिले. विद्यापीठाची पायरी आम्ही चढलो ती मोर्चा घेऊन, परीक्षेसाठी नव्हे. तरीही आज आपल्यापुढे उभे राहिलो, याचे कारण एक कादंबरी. ती आम्ही आयुष्यात तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा तिने आम्हांला निरनिराळे काही सांगितले.

हुतात्मा चौकाच्या आसपास पदपथावर त्या काळी जुन्या पुस्तकांचे ढीग लागत. विशीत असताना तेथून आम्ही एक पाठीवर उसवलेली इंग्रजी कादंबरी थोड्याशा पैशांत उचलली. नाव ‘एचएमएस युलिसिस’, लेखक ॲलिस्टर मॅक्लीन. मुखपृष्ठावर लाटांत सापडलेली युद्धनौका होती. इंग्रजी सुधारावे एवढाच हेतू. शब्दकोश मांडीवर घेऊन, एकेका पानाशी झटत ती आम्ही दीड महिन्यात संपविली. तोफांचा गडगडाट ऐकायला मिळेल या अपेक्षेने पुस्तक उघडले होते. पहिल्याच प्रकरणात सापडला तो एक औद्योगिक तंटा!

प्रसंग असा. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्क्नी बेटांमध्ये स्कापा फ्लो नावाचे ब्रिटिश आरमाराचे मोठे नांगरस्थान होते. तेथे ‘युलिसिस’ ही क्रूझर जातीची युद्धनौका उभी आहे. रशियाकडे जाणाऱ्या मालवाहू जहाजांच्या संरक्षणाच्या सफरी करून करून तिच्यावरची माणसे पार थकली आहेत. विश्रांती मिळेल असे वाटत असतानाच पुन्हा निघण्याचा हुकूम येतो, आणि खलाशी हुकूम मानण्याचे नाकारतात. हाणामारी होते, माणसे मरतात, बंड मोडले जाते. मग वरिष्ठ कचेरीतून एक व्हाइस-ॲडमिरल नौकेवर येतो आणि अधिकाऱ्यांना सुनावतो की, नौकेचे नाव बदनाम झाले आहे. ते धुऊन काढण्याची संधी म्हणून तिला पुन्हा त्याच वाटेने पाठविण्यात येत आहे. नौकेचा डॉक्टर उठून त्याला तोंडावर सांगतो की, ही माणसे भित्री नाहीत, ती संपली आहेत. अतिशीत हवा, झोपेचा अभाव आणि सतत डोक्यावर टांगलेली भीती यांनी माणसाचे शरीर आणि मन किती झिजते, याचा हिशेब तुमच्या कचेरीत कोणी मांडीत नाही. ॲडमिरल ते ऐकून घेतो आणि नौका निघते. पुढची सारी कादंबरी ही त्या एका सफरीची कहाणी आहे, आणि तिच्या अखेरीस नौका आणि तिच्यावरची बहुतेक माणसे समुद्राच्या तळाशी गेलेली असतात.

कादंबरी थरारक आहे, लाखोंनी खपली आहे, त्याविषयी आम्ही वेगळे सांगावे असे काही नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या माणसाने ही कादंबरी लिहिली तो स्वतः त्याच आरमारात, त्याच समुद्रावर खलाशी होता. मग त्याच्या या कल्पित कथेला इतिहासाच्या न्यायालयात साक्ष म्हणून उभे करता येईल काय? आणि उभे केले, तर तिच्या जबानीतले खरे किती आणि रचलेले किती?

प्रथम साक्षीदाराची ओळख करून घेऊ. मॅक्लीनचा जन्म १९२२ साली ग्लासगो येथे झाला. वडील धर्मोपदेशक. बालपण गेले ते उत्तर स्कॉटलंडातील इन्व्हरनेस गावाजवळच्या डेव्हिएट येथे. घरची बोली गेलिक. इंग्रजी ही त्याची दुसरी भाषा. शब्दकोश मांडीवर घेऊन ज्याची पोथी आम्ही वाचीत होतो, त्यालाही ती भाषा शिकूनच घ्यावी लागली होती, हे पुढे कळले तेव्हा आम्हांला बरे वाटले. १९४१ साली तो आरमारात भरती झाला, साध्या खलाशाच्या पायरीवर. आणि युद्ध संपेपर्यंत तो अधिकारी झाला नाही. त्याचे काम पाणतीर खात्यातले होते. १९४३ पासून तो ‘रॉयलिस्ट’ या क्रूझरवर होता. युद्धानंतर ग्लासगोच्या विद्यापीठात शिकून तो शाळामास्तर झाला. १९५४ मध्ये ‘ग्लासगो हेरल्ड’ या पत्राच्या लघुकथा-स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले, ती कथा वाचून कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने त्याला कादंबरी लिहिण्याचा आग्रह केला, आणि सुमारे तीन महिन्यांच्या आत त्याने ती लिहून दिली. १९५५ साली ती प्रसिद्ध झाली. पहिल्या सहा महिन्यांत तिच्या अडीच लाख प्रती खपल्या.

अधिकारी झाला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच्या आधी चारच वर्षे, १९५१ साली, निकोलस मॉन्सरॅट यांची ‘द क्रूएल सी’ ही गाजलेली कादंबरी आली होती. तीही लेखकाच्या आरमारी सेवेतूनच उतरली आहे; परंतु मॉन्सरॅट अधिकारी होते. त्यांनी युद्ध पाहिले ते नौकेच्या माथ्यावरून. मॅक्लीनने पाहिले ते खालच्या डेकवरून, जेथे माणसे दाटीने झोपतात, ओल्या कपड्यांनी उठतात आणि नौका कोठे चालली आहे हे त्यांना सर्वांत शेवटी कळते. कारखान्यात मॅनेजरच्या केबिनीतून दिसणारे खाते आणि यंत्रापाशी उभे राहून दिसणारे खाते ही दोन निरनिराळी खाती असतात. दोन्ही खरी, पण बंडाने कथेचा आरंभ करण्याचे सुचले ते खालून पाहणाऱ्याला.

आता ज्या समुद्राची ही कथा त्याच्याकडे वळू. २२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर स्वारी केली. रशियाला शस्त्रे, विमाने, रणगाडे आणि अन्न पोचविण्याचा सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातून होता. एकीकडे बर्फाची कड आणि दुसरीकडे जर्मनांच्या ताब्यातला नॉर्वेचा किनारा, या दोहोंमधल्या पट्ट्यातून मालवाहू जहाजांचे ताफे मुर्मान्स्क आणि अर्खांगेल्स्क या बंदरांना जात. पहिला ताफा १९४१ च्या ऑगस्टअखेर अर्खांगेल्स्कला पोचला. मे १९४५ पर्यंत असे ७८ ताफे गेले किंवा परतले. त्यांत सुमारे १,४०० जहाजे होती आणि त्यांनी सुमारे चाळीस लाख टन माल पोचविला. या कामी ८५ मालवाहू जहाजे आणि ब्रिटिश आरमाराच्या १६ युद्धनौका बुडाल्या. सुमारे ३,००० माणसे गेली.

तेथली थंडी म्हणजे आपल्या महाबळेश्वरची थंडी नव्हे. उसळलेल्या लाटेचे तुषार नौकेवर पडता पडता गोठत. बर्फाचा थर वाढत गेला की नौका वरून जड होई आणि कलंडण्याची भीती निर्माण होई. म्हणून माणसांनी कुऱ्हाडी आणि हातोडे घेऊन तो बर्फ सतत फोडीत राहायचे. उघड्या हाताने लोखंडाला स्पर्श केला तर कातडी चिकटून निघे. पाण्यात पडलेला माणूस बहुधा काही मिनिटांतच संपे. हिवाळ्यात सूर्य दिसत नसे, परंतु वादळे असत; उन्हाळ्यात सूर्य मावळत नसे, म्हणून विमानांचे हल्ले चोवीस तास चालत. पाळी संपली म्हणजे विश्रांती, असा हिशेब तेथे नव्हता. धोक्याची घंटा वाजली की झोपलेल्यानेही धावायचे. कादंबरीतला डॉक्टर जे सांगतो, ते सारे या वर्णनात आहे.

या मार्गावरचा सर्वांत काळा अध्याय म्हणजे ‘पीक्यू १७’ हा ताफा. २७ जून १९४२ रोजी आइसलंडहून ३५ मालवाहू जहाजे निघाली. ‘तिर्पिट्झ’ ही जर्मनांची अजस्र युद्धनौका त्यांच्यावर चालून येत आहे अशी भीती लंडनला वाटली, आणि ४ जुलैच्या रात्री आरमाराचे प्रमुख ॲडमिरल डडली पाउंड यांनी संरक्षक क्रूझरांना माघारी बोलावून ताफ्याला पांगण्याचा हुकूम दिला. ‘तिर्पिट्झ’ त्या वेळी आली नव्हतीच. पांगलेली जहाजे मात्र पाणबुड्यांना आणि विमानांना एकेकटी सापडली. ३५ पैकी २४ बुडाली. त्यांच्याबरोबर ४३० रणगाडे आणि २१० विमाने समुद्रात गेली, आणि १५३ व्यापारी खलाशी प्राणास मुकले. निर्णय शेकडो मैल दूरच्या एका खोलीत झाला. किंमत मोजली ती ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांनी.

मॅक्लीन स्वतः या ताफ्याबरोबर होता, असे लिहिलेले आपल्याला काही ठिकाणी वाचायला मिळेल. ते खरे नाही. त्याची ‘रॉयलिस्ट’ सेवेत दाखल झाली ती सप्टेंबर १९४३ मध्ये. ‘पीक्यू १७’ त्याआधी सव्वा वर्ष बुडाला होता. ‘रॉयलिस्ट’ उत्तर समुद्रात गेली ती १९४४ साली, आणि तेव्हा हवा पालटली होती. ३ एप्रिल १९४४ रोजी विमानवाहू नौकांवरून ‘तिर्पिट्झ’वर मोठा हल्ला झाला, त्या कामगिरीत छोट्या विमानवाहू नौकांच्या तुकडीचे नेतृत्व ‘रॉयलिस्ट’कडे होते. त्याच सुमारास ‘जेडब्ल्यू ५८’ हा मोठा ताफा रशियाकडे गेला आणि शत्रूने त्यातले एकही मालवाहू जहाज बुडविले नाही.

म्हणजे कादंबरीकाराने काय केले ते ध्यानात येईल. ‘युलिसिस’बरोबर छोट्या विमानवाहू नौकांची तुकडी आहे, ती १९४४ ची. ताफ्याचा जो संहार होतो, तो १९४२ चा. त्याने स्वतः पाहिलेली नौका आणि ज्याच्या कथा त्याने मेसमध्ये ऐकल्या असतील तो सत्यानाश, या दोहोंची गाठ बांधून ‘एफआर ७७’ असे नाव दिलेला एक ताफा त्याने रचला. असा ताफा आरमाराच्या दप्तरात नाही. ७८ ताफ्यांतल्या सर्व आपत्ती एकाच सफरीत कोंबल्या, तर वाचकाचा श्वास अडकतो खरा. पण शंभरातली चौऱ्याण्णव जहाजे सुखरूप पोचली, हे त्याला कळत नाही. इतिहास म्हणून ही साक्ष येथे लटकी पडते. कथा वेधक करण्याच्या भरात साक्षीदाराने तारखा आणि आकडे हलविले आहेत.

मग बंडाचे काय? तेही रचलेलेच का?

स्कापा फ्लो येथे एखाद्या ब्रिटिश क्रूझरवर असे रक्तपाताचे बंड त्या युद्धात झाले नाही. पुस्तक निघाले तेव्हा, ही आरमाराची बदनामी आहे, असा ओरडा इंग्लंडात काही टीकाकारांनी केला. ब्रिटिश खलाशी बंड करतोच कसा, हा त्यांचा प्रश्न. या प्रश्नाचे उत्तर मात्र इतिहासात आहे. १५ आणि १६ सप्टेंबर १९३१ रोजी स्कॉटलंडच्या इन्व्हरगॉर्डन बंदरात ब्रिटिश ॲटलांटिक आरमाराच्या खलाशांनी नौका हलविण्याचे नाकारले. कारण पगारकपात. जुन्या दराच्या साध्या खलाशाचा रोज चार शिलिंगांवरून तीनवर येणार होता, म्हणजे चौथा हिस्सा गेला; वरच्या अधिकाऱ्यांची कपात प्रमाणाने कितीतरी हलकी होती. खलाशांनी कोणाला मारले नाही, काही मोडले नाही. ते फक्त कामावर गेले नाहीत. सरकारने कपात बरीच खाली आणली, आठवड्याभरात ब्रिटनला आपले चलन सोन्यापासून तोडावे लागले, आणि मग पुढाऱ्यांना नोकरीतून काढण्यात आले. ही घटना घडली तेव्हा मॅक्लीन नऊ वर्षांचा होता आणि त्याचे गाव त्याच मुलखात होते. महायुद्ध चालू असतानाही, १९४४ च्या सप्टेंबरात, पनामाजवळच्या बाल्बोआ बंदरात ‘लोथियन’ या नौकेवरच्या खलाशांनी दाटी, उकाडा आणि निकृष्ट अन्न यांना कंटाळून हुकूम मोडला होता. बंड रचलेले असले, तरी बंडाचे कारण रचलेले नाही.

येथे आमच्या धंद्यातला एक मुद्दा सांगितला पाहिजे. गणवेश नसलेल्या माणसाने काम थांबविले तर त्याला संप म्हणतात. गणवेशातल्याने थांबविले तर बंड. कृती एकच, नाव निराळे. आणि नाव निराळे म्हणून शिक्षाही निराळी. संप म्हटला की मागण्या काय होत्या असे विचारणे भाग पडते. बंड म्हटले की पुढारी कोण होते, एवढेच विचारले जाते. ‘युलिसिस’च्या पहिल्या प्रकरणात ॲडमिरल दुसरा प्रश्न विचारतो आणि डॉक्टर पहिल्याचे उत्तर देतो. दोघांचे संभाषण जुळत नाही ते यामुळे.

हे आम्हांला पहिल्या वाचनात कळले नव्हते. दुसऱ्यांदा ती कादंबरी आम्ही वाचली ती पस्तिशीत, आणि तिचे कारण सांगताना आम्हांला थोडे आमच्याविषयी बोलावे लागेल. श्रोत्यांनी क्षमा करावी.

ठाण्याच्या पट्ट्यातला एक कारखाना होता. परदेशी मालाची मोठी मागणी आली होती आणि एका पाळीनंतर दुसरी पाळी सक्तीची झाली होती. तीन आठवडे असे चालले. एका पहाटे प्रेस खात्यातला एक कामगार यंत्रावर पेंगला आणि त्याची दोन बोटे गेली. सकाळच्या पाळीने यंत्रे बंद ठेवली. कोणी घोषणा दिल्या नाहीत. माणसे आपापल्या जागी खाली बसली. व्यवस्थापनाने आरोपपत्रे काढली त्यांत शब्द होते ‘बेशिस्त’, ‘अवज्ञा’ आणि ‘कारखान्याच्या लौकिकास बाधा’. सात दिवसांनी तडजोड झाली. तिच्यात कलम असे होते की, कामगारांनी झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त करावा, बुडालेले उत्पादन तीन रविवारी काम करून भरून द्यावे आणि आपली निष्ठा पुन्हा सिद्ध करावी. चौघांची चौकशी मात्र पुढे चालू राहील. माणसांच्या घरी चुली विझत चालल्या होत्या. आम्ही सही केली. रविवार भरले गेले. चौघे परत आले नाहीत. बोटे गेलेला माणूस खेद व्यक्त करणाऱ्यांच्या यादीत होता, हे आमच्या ध्यानात आले ते नंतर.

त्या पावसाळ्यात कपाट लावताना ही कादंबरी हाती आली. पहिले प्रकरण वाचले आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले. नाव धुऊन काढण्याची संधी! तेच कलम, तीच भाषा. पुढे काही दिवसांनी ते पुस्तक पुन्हा उघडले, तेव्हा एक गोष्ट अशी दिसली की ती आजवर आमच्या मनातून गेलेली नाही.

मॅक्लीन डॉक्टरला बोलू देतो, हे त्याचे मोठेपण. परंतु त्यानंतर कथा वळते कोठे? क्षयाने खंगलेला कॅप्टन व्हॅलेरी रात्री सारी नौका पायाखाली घालतो, माणसांना भेटतो, आणि त्याच्यासाठी तीच माणसे मरायला तयार होतात. पाणतीर खात्यातला, म्हणजे लेखकाच्याच खात्यातला, राल्स्टन नावाचा तरुण खलाशी आहे. पेटलेले एक तेलवाहू जहाज रात्री शत्रूला वाट दाखवील म्हणून ते बुडविण्याचा हुकूम त्याला मिळतो. तो पाणतीर सोडतो. त्या जहाजाचा कप्तान त्याचा बाप असतो. शेवटी तोफा निकामी झालेली ‘युलिसिस’ जर्मन क्रूझरवर चाल करून जाते आणि बुडते. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते. आमच्याही आले. पण डोळे पुसल्यावर विचारावेसे वाटते की, डॉक्टरने पहिल्या प्रकरणात मांडलेल्या हिशेबाचे काय झाले? माणसे थकली होती, हे सत्य मरण्याने खोटे ठरले काय? कथा नकळत असे सुचवून जाते की, नकार देणाऱ्यांनी प्राण देऊन आपली इभ्रत परत मिळविली. आमचे म्हणणे असे की, इभ्रत गेलीच नव्हती. जो माणूस पंधरा वेळा गेला आणि सोळाव्या वेळी नाही म्हणाला, त्याने भरून देण्यासारखे काही देणे लागत नाही. साक्षीदार या नात्याने मॅक्लीन सत्य बोलला. कथाकार या नात्याने त्याने शेवटी ॲडमिरलचेच कलम मान्य केले. आम्ही त्याला दोष देत नाही. आम्हीही सही केली होती.

कादंबरीत नाही म्हणणाऱ्यांना वीरमरण तरी मिळाले. प्रत्यक्ष इतिहासात काय मिळते, ते पाहायला दूर जाण्याचे कारण नाही. १९४५ साली ‘रॉयलिस्ट’ हिंदी महासागरात आली आणि ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावरील मोहिमांत होती. १९४६ मध्ये मॅक्लीन आरमारातून मोकळा झाला. आणि त्याच वर्षी, १८ फेब्रुवारीला, मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ या आरमारी ठाण्यावर हिंदी खलाशांनी निकृष्ट अन्नावर बहिष्कार टाकून काम बंद केले. अन्न हे निमित्त; त्याच्यामागे अधिकाऱ्यांच्या शिव्या होत्या, गोऱ्या खलाशांशी तुलना करता अपुरे वेतन होते, आणि आझाद हिंद सेनेच्या बंदिवानांविषयीची तळमळ होती. काही दिवसांत ७८ नौका, किनाऱ्यावरची २० ठाणी आणि सुमारे २०,००० खलाशी त्यात सामील झाले. सरकार त्याला बंड म्हणत होते. खलाशांनी आपल्या समितीचे नाव ठेवले ‘नौदल मध्यवर्ती संप समिती’. नावाचे महत्त्व त्यांना पुरते ठाऊक होते!

२२ फेब्रुवारीला मुंबईच्या कामगारांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी हरताळ पाळला. गिरणगावात गोळीबार झाला. परळला कमल दोंदे त्यात बळी पडल्या. मुंबईच्या रस्त्यांवर त्या दिवसांत दोनशेहून अधिक माणसे मेली. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून आणि सूड घेतला जाणार नाही या आश्वासनावर खलाशांनी २३ तारखेला लढा मागे घेतला. त्यानंतर शेकडोंना अटक झाली, शेकडो नोकरीतून गेले. दीड वर्षाने देश स्वतंत्र झाला. पण काढलेल्या खलाशांना ना भारताच्या आरमाराने परत घेतले, ना पाकिस्तानच्या. पुढे फार उशिरा त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान मिळाला. तोपर्यंत त्यांच्या उमेदीची वर्षे निघून गेली होती. आमच्या चौघांची आठवण आम्हांला येते ती या ठिकाणी.

तिसऱ्यांदा ही कादंबरी आम्ही वाचली ती गेल्या वर्षी, या व्याख्यानासाठी. या खेपेस दिसले ते, तिच्यात जे नाही ते. ताफा असतो मालवाहू जहाजांचा. युद्धनौका आहेत त्या त्यांच्या रक्षणासाठी. परंतु कादंबरीभर ही जहाजे आपल्याला ‘युलिसिस’च्या डेकवरून, दुरून दिसतात. ती पेटतात, दुभंगतात, बुडतात. त्यांच्या पोटात भट्टीपुढे उभे असलेले आगवाले आणि कोळसेवाले कोण होते, ते कळत नाही. खालच्या डेकवरून पाहणाऱ्याच्याही खाली आणखी एक डेक असतो.

ब्रिटिश व्यापारी जहाजांवर त्या युद्धात काम करणाऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा हिंदी खलाशी होते. त्यांत रत्नागिरीच्या खाड्यांवरचे कोकणी मुसलमान डेकवर, गोव्याचे लोक मुदपाकखान्यात आणि सलूनमध्ये, सिल्हेटचे आणि पंजाबचे लोक भट्टीवर, अशी वाटणी असे. सारंग आणि तांडेल यांच्या हाताखाली ही माणसे गोऱ्या खलाशाच्या वेतनाच्या एका लहानशा हिश्शावर राबत. रशियाच्या बर्फाळ मार्गावर आपली माणसे मोठ्या संख्येने होती, असा दावा आम्ही करीत नाही. त्यांच्या करारांत अतिउत्तरेच्या सफरींवर बंधने असत. ती मेली बहुतकरून ॲटलांटिकमध्ये आणि हिंदी महासागरात. पण नाही म्हणण्याचे धैर्य त्यांच्यातही होते. युद्ध पुकारले गेल्याबरोबर, १९३९ च्या शरदात, लंडन, लिव्हरपूल, ग्लासगो अशा बंदरांत हिंदी खलाशांनी पगारवाढ मिळाल्यावाचून जहाजावर चढण्याचे नाकारले. शेकडो तुरुंगात गेले. थोडीबहुत वाढ पदरात पडली. आणि मग तीच माणसे जहाजांवर चढली आणि समुद्रात गेली. नकार आणि धैर्य ही एकाच माणसाच्या अंगी नांदू शकतात, याला याहून निराळा पुरावा कशाला हवा?

मुंबईत मशीद बंदर स्टेशनाजवळ खलाशांचे वसतिगृह आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या खलाशांच्या नावांची बाडे केली गेली, त्यांतले एक या वसतिगृहासाठी आणि दुसरे चितगावच्या युद्धस्मशानासाठी. त्यांत सुमारे साडेसहा हजार नावे आहेत: चारशेहून अधिक आरमारी खलाशी आणि सहा हजारांवर व्यापारी जहाजांवरचे. यांच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही, आणि जे परतले त्यांतल्या पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. ‘युलिसिस’ला एक पाणतीरवाला खलाशी मिळाला, ज्याला पुढे विद्यापीठात जाता आले आणि लिहिता आले. आपल्या खाडीवरच्या आगवाल्याला तो मिळाला नाही.

तेव्हा आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. सेवेतून उतरलेल्या कादंबरीला तारखा विचारू नयेत, आकडे विचारू नयेत. ती दप्तरे वेगळी आहेत आणि ती तपासावीत. तिला विचारावे ते एवढेच की, थकवा कसा असतो, हुकूम खालपर्यंत पोचतो तेव्हा तो कसा ऐकू येतो, आणि माणूस नाही म्हणतो त्याच्या आदल्या रात्री त्याच्या मनात काय चालते. याची नोंद कोणतेही दप्तर ठेवीत नाही. आरोपपत्रात ती नसते आणि तडजोडीच्या करारातही नसते. मॅक्लीन १९८७ साली वारला. त्याने पुढे पुष्कळ कादंबऱ्या लिहिल्या, चित्रपटांसाठी त्या अधिक सोयीच्या ठरल्या. पण डॉक्टरच्या तोंडून जी जबानी त्याने या पहिल्या पुस्तकात नोंदविली, ती आम्हांला सर्वांत मोलाची वाटते.

आमच्यापुरते सांगायचे तर, त्या तडजोडीनंतर आम्ही अनेक करारांवर सह्या केल्या. काही चांगले होते, काही पडते घेऊन केलेले होते. परंतु थकलेल्या माणसाने खेद व्यक्त करावा, असे कलम ज्यात आहे अशा कागदावर पुन्हा सही केली नाही. एकदा त्यापायी वाटाघाट मोडली, आणि माणसांना आणखी बारा दिवस घरी बसावे लागले. ते बारा दिवस योग्य होते की नाही, हे त्यांच्या बायकामुलांना विचारावे लागेल. आम्ही आमच्या बाजूचा निवाडा स्वतःच देणे बरे नव्हे.